गाऱ्हाणे आणि कबुली

नगरहून पाथर्डीकडे जाणारा रस्ता करंजीचा घाट ओलांडून तिसगावात येतो आणि तिथून शेवगावकडे फाटा फुटतो. एका अंगाला गर्भगिरीचे डोंगर, वृद्धेश्वर, मढीचा कानिफनाथ. दुसऱ्या अंगाला पावसाने सतत हुलकावणी दिलेली जमीन. दसरा-दिवाळी उरकली की या पट्ट्यातली घरेच्या घरे कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात. मागे म्हातारी माणसे, शाळेत जाणारी काही मुले आणि कुलपे राहतात. या पट्ट्यात ख्रिस्ती कुटुंबेही आहेत. कुणाची पणजी दुष्काळात मिशनच्या वाटेला लागली, कुणाचे आजोबा शाळेमुळे मंडळीत आले.

अशा मुलखात विलापाचा प्रश्न पुस्तकी राहत नाही. फडावर मूल दगावले, मुकादमाकडून घेतलेली उचल फिटली नाही, घरचा कर्ता माणूस गेला, तर विश्वासणाऱ्याने देवाशी काय बोलायचे? आपल्या मंडळ्यांतून साधारण दोन उत्तरे मिळतात. एक, आपण पापी आहोत, पश्चात्ताप करू या. दुसरे, देव प्रीती आहे, धीर धरा. दोन्ही खरी आहेत. पण या दोहोंच्या मध्ये पवित्र शास्त्राने राखून ठेवलेली तिसरी जागा आहे. देवासमोर उभे राहून, त्याच्याच नावाने, त्याच्याच विरुद्ध गाऱ्हाणे मांडण्याची ती जागा. मराठी ख्रिस्ती भक्तीच्या चारशे वर्षांत ती कधी उघडी राहिली, कधी बुजली, आणि आज ती का उघडायला हवी, याचा हा आढावा आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. गाऱ्हाणे आणि कबुली या दोन वेगळ्या प्रार्थना आहेत. एकीच्या जागी दुसरी बसवली की दुखावलेल्या माणसावर दुसऱ्यांदा अन्याय होतो, आणि देवाच्या प्रीतीविषयीही खोटे बोलले जाते.

शास्त्रापासूनच सुरुवात करू. स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांपैकी एक तृतीयांशाहून अधिक स्तोत्रे विलापाची आहेत, असे अभ्यासक मानतात. त्यांतली बरीच शेवटी स्तुतीकडे वळतात. ८८वे मात्र वळत नाही. ते अंधारातच संपते, आणि तरीही ते मंदिरात गायले गेले, शास्त्रात राहिले. ५१वे स्तोत्र वेगळ्या घरचे आहे. परंपरेने ते दावीदाच्या तोंडी घातले आहे: बथशेबेला त्याने बळकावले, तिच्या नवऱ्याला, उरीयाला, लढाईत पुढे ठेवून मारवले, आणि नाथान संदेष्ट्याने तोंडावर सांगितल्यावर तो मोडून पडला. ती सत्ताधारी अपराध्याची प्रार्थना आहे. २२वे स्तोत्र छळल्या गेलेल्या माणसाचे आहे. आपल्याला का टाकले, असे तो देवालाच विचारतो. दोन्ही स्तोत्रे एकाच पुस्तकात शेजारी राहतात, पण त्यांचे मालक वेगळे आहेत. उरीयाच्या आईच्या हाती ५१वे स्तोत्र देऊन ‘हे म्हण’ असे सांगता येईल का? उपवासकाळात आपण सगळ्यांच्या हाती सरसकट तेच देतो.

विलापगीत हे पुस्तक या बाबतीत विलक्षण प्रामाणिक आहे. इसवी सनापूर्वी ५८७च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम जाळले, त्या राखेतून ते उठले. पाच अध्याय, पहिल्या चारांची रचना हिब्रू वर्णमालेतल्या बावीस अक्षरांच्या क्रमाने केलेली, तिसऱ्यात तर दर अक्षराला तीन ओळी. शोक इतका अनावर की त्याला अक्षरांचे कुंपण लागले. पाचव्यात बावीस ओळी उरतात, अक्षरक्रम मात्र सुटतो. या पुस्तकात पापाची कबुली आहे, ती टाळलेली नाही. पण भुकेने मेलेली लेकरे दाखवून ‘हे बघ’ असे देवाला सांगणेही आहे. कबुलीने गाऱ्हाण्याचे तोंड बंद केलेले नाही. देव स्वतः पुढे येऊन उत्तर देत नाही, आणि शेवटची ओळ देवाने आपल्याला कायमचे नाकारले की काय, या शंकेवर थांबते. सभास्थानात वाचताना यहुदी लोक तिच्या आधीची आशेची ओळ पुन्हा म्हणून मग वाचन थांबवतात. हे वाचन ज्या दिवशी होते तो मंदिराच्या नाशाचा उपास आपल्या कोकणातले बेने इस्राएल यहुदी बिरड्याचा रोजा म्हणून पाळत आले आहेत. शंभरेक पिढ्यांपूर्वीच्या आगीचे दुःख वालाच्या बिरड्याबरोबर घराघरांत जपले गेले.

आणि ईयोब. त्याचे मित्र धर्मनिष्ठ होते. सात दिवस त्याच्याजवळ मुकाट बसले, तोवर ते चांगले मित्र होते. मग बोलू लागले, आणि त्यांचा सूर एकच होता: दुःख आले म्हणजे पाप असणारच, कबूल कर. ईयोब भांडत राहिला. शेवटी देव निवाडा देतो तो मित्रांच्या विरुद्ध. ते देवाविषयी नीट बोलले नाहीत, ईयोब बोलला. नव्या करारातही हाच निवाडा दोनदा येतो. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली. ती इतरांपेक्षा अधिक पापी होती का, असे येशू विचारतो आणि ‘नाही’ म्हणतो. त्याच दमात तो ऐकणाऱ्यांना पश्चात्तापाला बोलावतो, पण मेलेल्यांच्या माथी पाप मारत नाही. जन्मांध माणसाविषयी शिष्य विचारतात, याने पाप केले की याच्या आईबापांनी? येशू दोन्ही नाकारतो.

योहानाच्या नवव्या अध्यायातली ही गोष्ट महाराष्ट्रात आली तेव्हा तिचे वजन यरुशलेमपेक्षा वेगळे होते. इथे गावकुसाबाहेर जन्मलेल्याला सांगितले जात होते की हा जन्मच मागल्या जन्मीच्या कर्माचे फळ आहे. चोखोबांच्या अभंगांत हे ओझे आहे, आणि त्याविरुद्धची कळही आहे. त्यांचा मुलगा कर्ममेळा तर थेट देवालाच जाब विचारतो. सोयराबाई विटाळाच्या कल्पनेलाच हात घालतात. म्हणजे विलाप इथे मिशनऱ्यांनी आणला नाही; तो चंद्रभागेच्या वाळवंटात, देवळाच्या पायरीखाली, आधीपासून होता. रामदासांच्या करुणाष्टकांत आणि तुकोबांच्या अभंगांत गाऱ्हाणे आणि कबुली दोन्ही आहेत. तुकोबा स्वतःला पतित म्हणतात आणि पुढच्याच श्वासाला विठोबाशी भांडतात.

मराठीत ख्रिस्ती काव्य आले ते गोव्याहून. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला, आणि त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. ओवी त्याने इथूनच उचलली. उत्तर कोकणात, वसई-मुंबईच्या ख्रिस्ती लोकांत, फ्रान्सिस्कु व्हाझ द गिमराइंश याचे दुःखसहनाचे काव्य वाचले जाई; ते १६५९चे. त्याचा विषयच मुळी प्रभूचे मरण. कॅथलिक परंपरेने विलापाला अशी शरीराची जागा दिली. क्रुसाच्या वाटेची चौदा स्थानके, मरियेचे दुःख, गुडघे टेकणे, चालणे. नगर जिल्ह्यात हरेगावच्या मतमाउली मरियेच्या यात्रेला सप्टेंबरात जी गर्दी लोटते, तिच्यात ख्रिस्तीच नव्हे तर सगळ्या धर्मांच्या बाया असतात. पाप कबूल करायला आलेल्या थोड्या, आईला सांगायला आलेल्या पुष्कळ. ही यात्रा धर्मविचाराच्या कुठल्या चौकटीत बसते यावर वाद घालता येईल. पण माणसांना गाऱ्हाणे ऐकणारे कोणी हवे असते, आणि जिथे ते मिळते तिथे ती जातात, एवढे तिथे डोळ्यांनी दिसते.

नगरचे प्रॉटेस्टंट मिशन दुसऱ्या वळणाचे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला ठाणे मांडले. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ साली तिथूनच निघाले. हे मिशनरी अमेरिकेतल्या संजीवनाच्या वातावरणात वाढलेले. पापाची तीव्र जाणीव, मग कृपा, मग नवे जीवन, हा त्यांच्या उपदेशाचा क्रम होता. या क्रमाची मुक्ती देणारी बाजू आधी मान्य केली पाहिजे. सगळ्यांनी पाप केले आहे, असे चावडीपुढे उभे राहून सांगणे म्हणजे पाटील, कुलकर्णी आणि महार यांना एका रांगेत उभे करणे होते. जन्माने कोणी शुद्ध नाही आणि जन्माने कोणी विटाळलेला नाही. कर्माच्या हिशेबातून माणूस सुटला. शाळेच्या पाटीइतकीच ही शिकवणही त्या काळी क्रांतिकारक होती. ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजींनी १८५७च्या ‘यमुनापर्यटन’ कादंबरीत तर पाप व्यक्तीच्या काळजातून उचलून समाजाच्या रूढीत दाखवले. विधवेचे केस कापणारा हात पापी आहे, विधवा नव्हे.

तरी त्या क्रमात एक पायरी गळाली. १८७६–७८च्या, आणि पुढे १८९६–९७ व १८९९–१९००च्या दुष्काळांत जी माणसे मिशनकडे आली, ती मुख्यतः इतरांच्या पापांनी घायाळ झालेली होती. वतनाची वेठ, सावकारी, उपासमार, अस्पृश्यता यांतले एकही पाप त्यांचे नव्हते. ‘पोटासाठी ख्रिस्ती झाले’ असे त्यांना हिणवले गेले. भुकेल्या माणसाला जिथे भाकर आणि नाव दोन्ही मिळते तिथे तो देव पाहतो, यात हिणवण्यासारखे काय आहे ते मला कळत नाही. पण मंडळीनेही त्यांना पहिला प्रश्न ‘तुझ्यावर काय गुदरले?’ असा विचारला नाही. ‘तू पापी आहेस हे तुला पटले का?’ असा विचारला. बाप्तिस्म्यापूर्वीच्या पडताळणीत पश्चात्तापाला जागा होती, गाऱ्हाण्याला नव्हती.

हे सर्वांत ठळक दिसते ते केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, आणि तिथे बोलताना मला फार जपून बोलावेसे वाटते, कारण ते उभारणाऱ्या पंडिता रमाबाईंइतके दुःख पाहिलेली माणसे थोडी. १८५८चा जन्म. १८७०च्या दशकात वडील, आई, थोरली बहीण एकामागून एक गेली, दुष्काळात, अन्नावाचून. १८८०मध्ये भाऊ, १८८२मध्ये नवरा. १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा, आणि १८९७च्या सुमारास मध्य प्रांतातल्या दुष्काळातून शेकडो मुली त्यांनी उचलून आणल्या. १९०५च्या जूनअखेरीस मुक्तीत जे संजीवन झाले त्याची वर्णने जगभर गेली. मुली रात्रीच्या रात्री रडत होत्या, मोठ्याने आपली पापे कबूल करत होत्या, आणि मग आनंदाने भरून जात होत्या. त्या अनुभवाच्या खरेपणाबद्दल मला शंका नाही. पण त्या रडणाऱ्या मुली कोण होत्या, हे विसरून ती वर्णने वाचता येत नाहीत. बालविधवा, आईबाप डोळ्यांदेखत मेलेल्या, रस्त्यावर विकल्या जाता जाता वाचलेल्या. त्या रात्रींचे सगळेच अश्रू पश्चात्तापाचे होते का? माझी खात्री आहे की त्यांत कित्येक वर्षांचे दाबलेले आक्रंदन होते, आणि त्याला त्या घरात बाहेर पडायला मिळालेले एकच दार कबुलीचे होते. देवाने ते दार ओळखले असणार. नोंद करणाऱ्यांनी मात्र सगळ्याला एकच नाव दिले. रमाबाईंची स्वतःची शेवटची वर्षे हिब्रू आणि ग्रीकमधून साध्या मराठीत पवित्र शास्त्र उतरवण्यात गेली. १९२१मध्ये मनोरमा, एकुलती एक मुलगी, आधी गेली. १९२२च्या एप्रिलात रमाबाई गेल्या. पुस्तक १९२४ला बाहेर आले.

नगरच्याच मातीत दुसरी वाटही फुटली. १८६०च्या दशकापासून कृष्णराव सांगळे आदींनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले, आणि टाळ, मृदंग, पेटी उपासनेत आली. मग नारायण वामन टिळक आले. १८९५च्या फेब्रुवारीत मुंबईला बाप्तिस्मा, पुढची बरीच वर्षे नगर आणि राहुरी. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, ही त्यांची भावना प्रसिद्ध आहे, आणि पुलावरून येताना त्यांनी तुकोबांचा सूर बरोबर आणला. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त हा आई आहे, गुरू आहे, सखा आहे. न्यायासनावरचा अधिकारी तो क्वचित. भक्त त्याच्याजवळ हट्ट करतो, रुसतो, विरहात तळमळतो. इथे पाप म्हणजे मुख्यतः दुरावा, आणि दुराव्याची भाषा कबुलीपेक्षा विरहाची अधिक. हे मराठी ख्रिस्ती भक्तीचे खरे धन आहे.

पण माझ्या मते विलापाचा सर्वांत मोठा मराठी ख्रिस्ती ग्रंथ टिळकांचा नाही, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा आहे. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचे आत्मचरित्र कोणी त्या नजरेने वाचत नाही, कारण त्यात माणसे हसतातही. नवरा ख्रिस्ती झाला, पदरात मूल, पाच वर्षे ताटातूट, सोवळ्याचा धाक, नातलगांची कुजबुज, मनाचा भडका. हे सगळे त्या सांगतात, आणि पुढे स्वतः ख्रिस्ती झाल्यावरही त्या जुन्या दुःखाला पाप किंवा अज्ञान म्हणून गुंडाळत नाहीत. नवऱ्याचा देव खरा ठरला म्हणून बायकोचे रडणे खोटे ठरले नाही. टिळक १९१९ साली गेले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे होते. ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले.

जगातही विलापाची ही गळालेली पायरी उशिरा लक्षात आली. अमेरिकेतला जुन्या कराराचा अभ्यासक वॉल्टर ब्रुगमन याने १९८६च्या एका लेखात मांडले की मंडळीने विलाप गमावला की देवाशी खरा करारच उरत नाही. फक्त हो म्हणणारी प्रजा उरते आणि न्यायाचा प्रश्न देवापुढे जायचा थांबतो. सी. एस. लुइससारख्या श्रद्धेच्या खंद्या वकिलाने पत्नीच्या मृत्यूनंतरची आपली वही १९६१मध्ये टोपणनावाने छापली, यातच किती अवघडलेपण होते ते दिसते. कोरियातल्या मिन्जुंग, म्हणजे सामान्य जनतेच्या, धर्मविचारवंतांनी ‘हान’ हा आपल्या लोकांचा साचलेला सल पुढे आणला, आणि त्याच धाग्याने अँड्र्यू संग पार्क यांनी १९९३च्या पुस्तकात विचारले: मंडळीकडे पाप करणाऱ्यासाठी क्षमा आहे, पण ज्याच्याविरुद्ध पाप झाले त्याच्यासाठी काय आहे?

आपल्याकडे हाच प्रश्न आधी विचारला तो एका मराठी माणसाने. अरविंद निर्मळ यांनी १९८१ साली बंगळूरच्या व्यासपीठावरून शूद्रांच्या दृष्टीने धर्मविचार करण्याची हाक दिली, आणि तिथून दलित ख्रिस्ती धर्मविचार उभा राहिला. त्यांच्या मांडणीत वेदना आधी येते, सिद्धान्त मागून; आणि क्रुसावर देवाने टाकल्याची जी आरोळी येशूने मारली, तिच्यात त्यांना दलितपणाचा गाभा दिसला. नगरच्या मंडळ्यांत हे नाव आज किती घरांत ठाऊक आहे, याचा विचार केला की वाईट वाटते. कारण त्या आरोळीला इथे कायद्याचाही संदर्भ आहे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा आधी हिंदूंपुरता ठेवला. १९५६ला शीख, १९९०ला बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. २०२२च्या ऑक्टोबरात केंद्राने या प्रश्नावर न्यायमूर्ती बालकृष्णन आयोग नेमला. वस्तीबाहेर जात सुटत नाही, कागदावर मात्र ती सुटली असे धरले जाते. हे गाऱ्हाणे लोक निवेदनांतून मांडतात. रविवारच्या प्रार्थनेत ते का येत नाही?

आता प्रीती. विलापाला भिणाऱ्यांना वाटते की गाऱ्हाणे म्हणजे देवाच्या प्रीतीवर अविश्वास. मला नेमके उलटे दिसते. ज्याच्या प्रेमाची खात्री नाही त्याच्यापुढे माणूस शहाण्यासारखा वागतो. शास्त्रात तर देव स्वतःच विलाप करतो. होशेयाच्या अकराव्या अध्यायात इस्राएलला चालायला शिकवणारा बाप आतून पिळवटतो. यिर्मयात एफ्राईमसाठी त्याचे काळीज कळवळते. येशू लाजराच्या कबरेपाशी रडतो, आणि यरुशलेम नजरेस पडताच शहरासाठी रडतो. देवाला वेदना होऊच शकत नाही, हे ग्रीक तत्त्वज्ञानातून आलेले सूत्र मंडळीने शतकानुशतके जपले. कितामोरी या जपानी विचारवंताने १९४६ साली, हरलेल्या आणि जळालेल्या देशात, यिर्मयाच्या त्याच ओळीवरून देवाच्या वेदनेचा धर्मविचार मांडला. जर्मनीत मोल्टमनचा ‘क्रूसावर खिळलेला देव’ १९७२चा. मराठी भक्ताला या वादात फारसे नवल वाटणार नाही. त्याचा देव भक्तासाठी धावत येणाराच आहे. मात्र इथे एक सावधगिरी हवी. देव आपल्याबरोबर रडतो, एवढ्यावर भुकेल्याने समाधान मानावे, असे म्हणणे निष्ठुर होईल. तिसऱ्या दिवशी कबर रिकामी सापडली. प्रीती दुःखात सोबत करते आणि दुःखाच्या मुळावरही उठते.

कबुलीची गरज या सगळ्याने कमी होत नाही. केवळ गाऱ्हाणे करत राहणारा माणूस स्वतःचा हात पाहायचे विसरतो. मुकादमाने लुबाडलेला माणूस दारू पिऊन बायकोवर हात टाकतो, तेव्हा तो एका प्रार्थनेत उरीया आणि दुसऱ्या प्रार्थनेत दावीद असतो, आणि त्याला दोन्ही प्रार्थना हव्यात. मंडळीत पोटजातीवरून सोयरिकी अडतात, मिशनच्या जागेवरून भाऊबंद कोर्टात जातात. तिथे ५१वे स्तोत्र मोठ्याने म्हटले पाहिजे, आणि ते पुढच्या बाकांवर बसणाऱ्यांनी आधी. क्रमाचा प्रश्न आहे. ज्याच्याविरुद्ध पाप झाले आहे त्याचे ऐकून घेतल्याशिवाय त्याच्याकडून पश्चात्ताप मागू नये.

हे आचरणात आणायला नवे काही शोधावे लागत नाही. अंत्यविधीच्या वेळी थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रातला चौथा अध्याय वाचतात आणि त्याच्या आधाराने बायकांचा हंबरडा थांबवतात. पौलाने आशाहीनांसारखा शोक करू नका म्हटले आहे. शोक करू नका असे म्हटलेले नाही. आमच्या बाया मेलेल्याच्या आठवणी सांगून सांगून, हेल काढून रडतात, त्याला पाळकांनी पाच मिनिटे द्यावीत आणि मगच पुस्तक उघडावे. उत्तम शुक्रवारी क्रुसावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. चौथ्या, देवाने टाकल्याच्या उद्गारावर बोलणारा बहुधा लगेच समजावू लागतो की आपल्या पापांमुळे पित्याने तोंड फिरवले. समजावणी चुकीची नाही, पण तिने आरोळी ऐकूच येत नाही. ऊसतोडीची टोळी त्या सुमारास परतलेली असते किंवा परतीच्या वाटेवर असते. तो चौथा उद्गार एखाद्या वर्षी टोळीतून आलेल्या बाईला द्यावा. तिने प्रवचन करू नये, २२वे स्तोत्र वाचावे, आणि हंगामात काय झाले ते सांगावे. आणि ऊसतोडीला निघण्याआधी, दसऱ्यानंतरच्या रविवारी, जाणाऱ्या कुटुंबांना नुसता आशीर्वाद न देता विलापगीताचा पाचवा अध्याय मंडळीने उभे राहून वाचावा: पाण्याला पैसे मोजावे लागतात, लाकूड विकत घ्यावे लागते, मानेवर जू आहे, ही तक्रार त्यात जवळजवळ जशीच्या तशी आहे. टिळकांचे अभंग आणि टाळ-मृदंग आपल्याकडे आहेतच. त्यांच्या चालीवर या स्तोत्रांची गाणी बांधायला नगर जिल्ह्यातल्या भजनी मंडळांना फार दिवस लागणार नाहीत.